चि. सात नंबरची मॅगझीन

"आर्मोररऽऽ!"

फायरिंग बटावर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, ही हाक आली की समजायचं, कोणाचं तरी पिस्तूल अडकलं. त्या शुक्रवारी सकाळपासून ती तिसऱ्यांदा आली होती. पीएसआय गर्जे हात लांब करून उभे होते. पिस्तुलाचं तोंड टारगेटकडे होतं आणि गर्ज्यांचं माझ्याकडे. पिस्तूल गप्प होतं. गर्जे नव्हते.

"कोरे, हे काय हाय? दोन सुटल्या आन् तिसरीला बसलं! सरकारी जीपगत मधीच बंद पडतंय. सोमवारी मी काय करू, हे फेकून मारू का?"

मी पळत गेलो. मॅगझीन काढली, स्लाइड मागे ओढली. एक गोळी नळीच्या तोंडाशी नाक वर करून अडकली होती. आम्ही याला स्टॉपेज म्हणतो. बायको याला 'तुमच्या खात्यासारखंच' म्हणते.

मी तेव्हा बीडच्या पोलीस हेडक्वार्टरला आर्मोरर होतो. म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, साफ करणारा आणि हत्यार चाललं नाही तर शिव्या खाणारा. चाललं तर कोणाला माझी आठवण येत नसे. मूळचा मी युसूफ वडगावचा. आमचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. अप्पांची, म्हणजे वडिलांची, इच्छा होती की मी गल्ल्यावर बसावं. मी भांड्यांच्या खणखणाटाला कंटाळून पोलिसात पळालो, आणि खात्याने मला उचलून आर्मरीत, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, टाकलं. खणखणाट तोच. फक्त गिऱ्हाइकं जास्त चिडकी.

आता सोमवारचं सांगतो. आष्टीच्या पलीकडे एका शिवारात खून झाला होता. तो पाहणारा एकच माणूस होता. बिरूकाका, मेंढपाळ. त्याने जबाब दिला होता, पण कोर्टात उभं राहून सांगणं बाकी होतं. आरोपीच्या माणसांनी त्याला निरोप पाठवला होता की बीडचा रस्ता लांबचा आहे. असा निरोप पोलिसांना नीट समजतो. बिरूकाकाला नातेवाइकांकडे लपवून ठेवलं होतं आणि सोमवारी गर्ज्यांनी त्याला जीपमधून कोर्टात आणायचं होतं. सोबत दोन काठीवाले जवान आणि ड्रायव्हर. गावागावांतून जाताना रायफली दिसल्या तर गाजावाजा होईल, म्हणून हत्यार एकच. ते माझ्या हातात होतं आणि चालत नव्हतं.

त्यात गर्ज्यांना नुकताच मुलगा झाला होता. बारसंही व्हायचं होतं. हे ते दर दहा मिनिटांनी सांगत. आनंदाने सांगत होते की मला ऐकवत होते, ते कळत नव्हतं.

ज्यांनी पिस्तूल फक्त सिनेमात पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. या पिस्तुलाची मूठ पोकळ असते. तिच्यात खालून एक लांबट लोखंडी डबी सरकवतात. ती मॅगझीन. डबीत स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी, पट्टीवर एकावर एक गोळ्या. गोळी सुटली की पिस्तुलाची वरची स्लाइड झटक्याने मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझीनच्या तोंडातली गोळी ढकलून नळीत बसवते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मॅगझीनच्या तोंडाला दोन वळवलेल्या कडा असतात, त्यांना आम्ही ओठ म्हणतो. माणसासारखंच आहे. ओठ जास्त सैल असले तर नको ते बाहेर पडतं, जास्त घट्ट असले तर हवं तेही निघत नाही.

आणि या पिस्तुलाची आणखी एक तऱ्हा. मॅगझीन बाहेर असेल तर नळीत गोळी असूनही ते उडत नाही. चाप नुसताच हलतो. साफ करताना अपघात होऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तर मी गर्ज्यांचं पिस्तूल उघडलं. सतरंजीवर बसून सगळे भाग तपासले. स्प्रिंग ठीक, नळी ठीक, टरफल ओढून काढणारा, कोंबडीच्या नखासारखा तो एक्स्ट्रॅक्टर ठीक. गेला महिनाभर हेच चाललं होतं. आज या साहेबांचं पिस्तूल अडकायचं, परवा त्या साहेबांचं. मी उघडायचो, काही सापडायचं नाही, तेल लावून परत द्यायचो. कधी मी गोळ्यांना दोष द्यायचो, कधी साहेबांच्या मनगटाला. मनगटाचं अर्थात मनातल्या मनात.

तेवढ्यात आरपीआय साहेब आले. आरपीआय म्हणजे राखीव पोलीस निरीक्षक, हेडक्वार्टरचे कारभारी. बुटके, शांत, कधी आवाज न चढवणारे. आवाज चढवणाऱ्या साहेबाची भीती वाटत नाही, अशांची वाटते.

"कोरे, मघाशी पहिल्यांदा अडकलं तेव्हा जी मॅगझीन होती, ती आणि आत्ताची एकच का?"

मी बाजूच्या घमेल्याकडे पाहिलं. आमच्या बटावर पद्धत अशी होती की मॅगझीन रिकामी झाली की घमेल्यात टाकायची, भरणाऱ्याने भरून दुसऱ्या घमेल्यात ठेवायची आणि पुढच्याने हाताला येईल ती उचलायची. घमेल्यात सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या, एका आईची लेकरं.

"असेल, साहेब."

"असेल?"

"नसेल, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे महिनाभर तू पिस्तुलं तपासतोयस. अडकवणारी मॅगझीन मात्र गावभर फिरतीये. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे."

ताप कोणाला आहे ते न बघता मी घराघरात जाऊन खाटा तपासत होतो.

"सोमवारी गर्ज्यांच्या कमरेला तीन मॅगझिना जातील," साहेब म्हणाले. "एक पिस्तुलात, दोन जादाच्या. तिन्ही खात्रीच्या पाहिजेत. निवडून दे."

"माझ्याकडं एक हाय की साहेब," गर्जे पुढे आले. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली मॅगझीन काढली. चकचकीत, चांदीच्या ताटासारखी. हत्यारांचा एक परवानाधारक दुकानदार साहेबांकडे नमुना म्हणून दोन ठेवून गेला होता, त्यातली एक गर्ज्यांनी बघायला म्हणून मागून घेतली होती आणि रुमालातून बाहेर काढायला जीव होत नव्हता. "बाहेरच्या देशातली हाय. आता सगळं खुलं झालंय. टीव्ही रंगीत आला, गावोगाव फोन आले, आन् आपुन हे काळं डबडं घेऊन बसायचं कावून?"

खरं सांगतो, मलाही ती आवडली. हातात घेतली तेव्हा तिच्यात माझा चेहरा दिसला. माझा चेहरा बघण्यासारखा नाही, तरी बरं वाटलं.

साहेब म्हणाले, "चेहरा नंतर बघ. सगळ्या सारख्या तपासायच्या. हिलाही."

दुपारी मी खडूने मॅगझिनांवर नंबर घातले. तेलाच्या हातांनी ते पुसले गेले. मग चिकटपट्टीचे तुकडे लावले. एक तुकडा मुठीच्या आत सुटून बसला आणि तो काढायला मला अर्धा तास चिमटा घेऊन पिस्तुलात डोकं घालावं लागलं. दराडे जमादार शेजारी उभे राहून बघत होते. आर्मरीचे सगळ्यात जुने माणूस. ते म्हणाले, "कोरे, आता पिस्तुलाला आजार कमी आन् तुमचं औषध जास्त व्हायलंय."

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. बायकोने वाटी पुढे ठेवता ठेवता उचलली आणि उलटी करून बघितली.

"ही आपली न्हाई. शेजारच्या काकूंची हाय. नाव हाय बघा की खाली."

मी वाटी तिच्या हातातून घेतली. तळाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. तेल लागलं, राख लागली, चार वेळा घासली गेली, तरी नाव जागच्या जागी. माझं आयुष्य या नावांमध्ये गेलं होतं. लहानपणी अप्पांच्या नाव घालायच्या मशीनची घर्रर्र ऐकत मी अभ्यास करायचो, म्हणजे करायचो नाही. आपल्याकडे भांडं घेतलं की नाव घालायचं, मग ते लग्नात जावो की पंगतीत जावो, फिरून घरी येतं. ज्या गोष्टीपासून पळून मी पोलिसात गेलो, ती वाटीच्या बुडाखाली बसून माझी वाट बघत होती.

"जेवा आता, वाटी वाचू नका," बायको म्हणाली.

सकाळी साहेबांना विचारलं, भांड्यांवर नाव घालतात तसे मॅगझिनांवर नंबर कोरून घेऊ का.

"सरकारी मालावर भांडीवाला नंबर कोरणार?"

"भांडीवाला म्हणजे माझे वडील, साहेब. तळाजवळ, बाहेरच्या अंगावर, वरच्या वर. मॅगझिना रिकाम्या. आर्मरीच्या आत नाही, समोर लिंबाच्या झाडाखाली. माझ्यासमोर."

"माझ्यासमोर," साहेब म्हणाले. "बोलाव."

वडगावात आमच्या दुकानाला लागून नवीन एसटीडी बूथ झाला होता. बूथवाल्याने हाक मारली आणि अप्पा धापा टाकत फोनवर आले. त्या काळी फोन म्हणजे आधी वाईट बातमी.

"काय झालं? पोरं बरी हायत का?"

"बरी हायत. अप्पा, नाव घालायची मशीन घेऊन बीडला या. आजच."

"कुणाचं लग्न हाय?"

"लग्न न्हाई. पिस्तुलाच्या मॅगझिनांवर नंबर घालायचेत."

मग हळू आवाजात, "नोकरीवरून काढलं का रं तुला?"

दुपारच्या एसटीने अप्पा आले. धोतर, टोपी, कपाळाला भस्माचे पट्टे, काखेत पिशवी, पिशवीत मशीन. आर्मरीतून वायर लांब करून लिंबाखाली आणली. साहेब खुर्चीवर बसले. अप्पांनी पोतं अंथरलं, चष्मा लावला, पहिली मॅगझीन मांडीवर घेतली आणि अंगवळणी पडलेला प्रश्न विचारला.

"कुणाकडून कुणाला?"

"अप्पा, नुसता नंबर. एक, दोन, तीन."

"नाव न्हाई?"

"न्हाई."

"सप्रेम भेट?"

"न्हाई हो!"

साहेब दुसरीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

घर्रर्र सुरू झालं. दोन झाल्या, तिसरीला वीज गेली. अप्पांनी शांतपणे पिशवीतून टाकी आणि हातोडी काढली. वीज नव्हती तेव्हा ते यानेच ठोकून नाव घालायचे.

"अप्पा, हातोडी न्हाई!" मी ओरडलो. मॅगझीनचा पत्रा आत दबला की आतली पट्टी तिथे घासते, गोळी वर यायला उशीर होतो आणि स्टॉपेज झालंच समजा. म्हणजे चांगल्या मॅगझिनाही मी स्वतःच्या बापाच्या हातून बिघडवल्या असत्या. पेन्शनपर्यंत ही गोष्ट सांगून लोकांनी मला पिडलं असतं. आम्ही वीज येईपर्यंत चहा प्यालो.

अप्पांनी ती चकचकीत मॅगझीन उचलून उन्हात धरली. "साहेब, हीच घ्या. दुकानात ठिवली की पयली हीच खपंल."

"बघा!" गर्जे म्हणाले. "अप्पांना कळतंय."

वीज आली. गर्जे अप्पांच्या शेजारी उकिडवे बसले आणि आपला आवडता विषय काढला. "अप्पा, पुढल्या आठवड्यात पोराचं बारसं हाय. वाटी घ्यायची हाय. नाव चांगलं ठळक येतं का?"

"लई चांगलं येतं. नाव काय ठिवणार?"

"ते आत्याच्या हातात हाय. तुमी नुसतं 'चिरंजीव' घालून ठिवा, खाली जागा सोडा."

मशीन चालू, गप्पा चालू. हातातली मॅगझीन झाली. अप्पांनी फुंकर मारली आणि मला दिली. मी बघितलं. 'चि. ७'.

"अप्पा!"

"काय?"

"हे चि. काय घातलंय?"

अप्पांनी चष्मा वर करून पाहिलं. "सवय हो. बोलता बोलता हात गेला."

साहेबांनी मॅगझीन मागून घेतली. "पुसता येईल?"

"न्हाई साहेब," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कमीपणा अजिबात नव्हता. "आमी घातलेलं नाव पुसत न्हाई."

रविवारी आम्ही बटावर गेलो. साहेबांनी सरावाच्या जादा गोळ्या मंजूर केल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की बघून, हलवून, वाजवून कळतं ते अर्धं. मॅगझीन ज्या पिस्तुलात जाणार त्याच पिस्तुलात, कामाला जी गोळी वापरणार त्याच गोळीने झाडून बघायची. शेजारच्या पिस्तुलात चालली हा दाखला उपयोगाचा नाही.

तरी अर्धं आधी केलं. प्रत्येक मॅगझीन रिकामी लावायची, मग मुठीवरची कळ दाबायची. मॅगझीन आपल्या वजनाने खाली पडली पाहिजे, ओढून काढायला लागता कामा नये. मग ओठ उजेडात धरून बघायचे, दोन्हीकडे सारखे आहेत का. मग आतली पट्टी अंगठ्याने तळापर्यंत दाबून सोडायची. ती सरळ आणि झटकन वर यायला हवी. तेरा बसतात तिथे मी बाराच भरायला सांगतो. स्प्रिंगला श्वास घ्यायला जागा लागते.

चौथ्या नंबरची मॅगझीन ओठांवरच पकडली. एक ओठ जरासा बाहेर वाकलेला. कधीतरी ती फरशीवर तोंडावर पडली असणार. पाहूनही लक्षात आलं नसतं, पण शेजारी पाच नंबरची धरली आणि फरक दिसला. आठ नंबरचं नुसत्या डोळ्याला काही कळलं नाही. तिची पट्टी दाबली की खाली जायची, वर येताना मात्र कधी यायची, कधी मध्येच विचार करत थांबायची.

"झाडून बघा," साहेब म्हणाले.

गर्ज्यांनी झाडली. एक. दोन. तिसरीला गप्प. शुक्रवारचंच सोंग.

"हीच ती!" गर्जे ओरडले. सापडलेल्या चोराकडे बघावं तसे आठ नंबरकडे बघत होते. "हीच बे ती!"

मी तिथेच सतरंजीवर तिचा तळ सरकवला आणि स्प्रिंग बाहेर ओढली. स्प्रिंगबरोबर तेलकट काळपट चिखल आला. त्यात दोन-तीन दाणे होते. मी नखाने साफ केले. आतून लाल.

तांदूळ. कुंकवात भिजवलेले.

सगळ्यांनी दराडे जमादारांकडे पाहिलं.

इथे खुलासा करतो. खंडेनवमीला आमच्या आर्मरीत हत्यारांची पूजा व्हायची. सगळीकडेच होते. पण जमादारांची आरास जिल्ह्यात नावाजलेली होती. मध्ये देवीचा फोटो, भोवती रायफलींचं चक्र, आणि सगळ्यांच्या पुढे मॅगझिनांचं कमळ. मॅगझिना पिस्तुलांतून काढून, तोंड वर करून, तिरप्या टेकवून एकेक पाकळी रचायची. मग सगळे अधिकारी रांगेने येऊन हळद-कुंकू वाहायचे, नारळाचं पाणी शिंपडायचे आणि ओंजळ भरून अक्षता टाकायचे. कमळाचं तोंड वर. अक्षता वरून. मी स्वतः दरवर्षी बाजूला उभा राहून पेढा खात 'वा जमादार' म्हणालो होतो. पूजेनंतर आम्ही मॅगझिना बाहेरून फडक्याने पुसून, हाताला येईल ती पिस्तुलात लावून ठेवत असू. एखादा दाणा पट्टीच्या कडेने आत उतरत असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

जमादार हळूच म्हणाले, "साहेब, श्रद्धेनं टाकलत्या."

"माहितीये," साहेब म्हणाले. "मीच टाकल्या असतील. माझी ओंजळ मोठी असते."

मग सगळ्यांना हसू फुटलं, जमादारांनाही. महिनाभराचा गाठोड्याएवढा घोर त्या दोन-तीन तांदळांत होता.

चकचकीत मॅगझीन राहिली होती. गर्ज्यांनी ती मोठ्या प्रेमाने लावली. पहिल्या सगळ्या गोळ्या लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. गर्जे माझ्याकडे विजयाने बघत होते. शेवटच्या गोळीला आतली पट्टी पुढे कलली, गोळीने नाक खाली घातलं आणि स्लाइड अर्ध्यात अडकली. पुन्हा भरून बघितलं. पुन्हा शेवटच्याला तेच. दुसऱ्या कुठल्या पिस्तुलात ती चाललीही असती. या पिस्तुलाशी तिचं जमत नव्हतं. गर्ज्यांनी ती रुमालात गुंडाळून साहेबांना परत केली.

उरलेल्यांतून तीन निवडल्या. प्रत्येक पुन्हा पुन्हा भरून झाडली, एकदाही नखरा नाही. पाच, चि. सात आणि नऊ. साफ करून, आतून कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा फक्त हात फिरवून मी त्या गर्ज्यांना दिल्या.

"पाच पिस्तुलात. चि. सात पट्ट्याला डाव्या हाताला, गोळीचं नाक पुढं. अंधारातही हाताला सरळ आली पाहिजे."

"आन् नाही चालली तर?"

"तर बारशाला मी येणार नाही."

"तवा मीच कुठं असणार हाय, बे?" गर्जे म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही.

सोमवारी सकाळपासून मी आर्मरीत एकच रायफल पुसत होतो. जमादार म्हणाले, "कोरे, तिचं लाकूड झिजंल." फोन वाजला की सगळे उठायचे. आष्टीहून निघाल्याचा निरोप आला होता. त्यानंतर काही नाही. कोर्टाची वेळ झाली. मग उलटली. मी तांदळाचा दाणा डोळ्यासमोर धरून बसलो होतो. अजून एखादा राहिला असेल तर? चि. सातमध्ये मी नीट बघितलं होतं का? बघितलं होतं. नक्की?

उन्हं कलायला लागली तेव्हा जीप आली. पुढे गर्जे, मागे जवानांच्या मध्ये काळं घोंगडं पांघरलेला बिरूकाका. कोर्ट आटोपून आले होते. साक्ष झाली होती. परत न्यायच्या आधी चहा प्यायला थांबले होते.

गर्जे काही बोलायच्या आत बिरूकाकाच बोलायला लागला. मेंढ्यांशी बोलायची सवय, त्यामुळे आवाज शेवटच्या बराकीपर्यंत.

"घाटाच्या वळणावर टरॅक्टर आडवा लावलता. चार-पाच जण व्हते, तलवारी घेऊन. मी म्हणलं, झालं आपलं. ह्या साहेबानं पिस्तूल खाटकन वढलं आन् जीपमधून उडी मारली. उडी मारली आन् त्याच्यातून कायतरी खाली पडलं. मला वाटलं, पिस्तूल व्यालं का काय!"

गर्ज्यांनी मान खाली घातली. स्लाइड ओढून गोळी नळीत घेतली होती, पण उडी मारताना अंगठ्याने कळ दाबली गेली आणि पाच नंबरची मॅगझीन खाली पडून जीपच्या चाकाखाली गेली.

"मी हवेत चाप वढला," गर्जे म्हणाले. "काहीच न्हाई. नुसता हलला. त्यातले दोघं पुढं यायले."

"पुढं म्हंजी काय, हसत पुढं यायले," बिरूकाका म्हणाला.

"मग तुमचं आठवलं, कोरे. मॅगझीनशिवाय उडत न्हाई. डावीकडं पट्ट्याला हात गेला. सात लावली."

"आणि?"

"आन् हवेत बार केला. वाजला."

मी श्वास सोडणार होतो. बिरूकाकाने हात वर केला. "थांबा की. खरी मजा पुढंच हाय. त्यातला एक काय म्हणला, 'एकच व्हती बे, चला!' आन् तलवार घेऊन सरळ आला."

इथे मी हातातली रायफल घट्ट धरली. कारण पहिली गोळी नळीत आधीच होती. तिचा या मॅगझीनशी संबंध नव्हता. चि. सातची परीक्षा दुसऱ्या गोळीला होती. पट्टी अडकली असती, ओठ वाकडा असता, एक दाणा असता, तर तो तलवारवाला बरोबर ठरला असता.

"मग?" साहेब म्हणाले. तेही कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं.

"मग साहेबानं दुसरी त्याच्या पायापाशी मारली. धुरळा उडाला. आन् तिसरी. मग काय! शेरडं पळत्यात तशी पळाली. एक जण चप्पल टाकून गेला. टरॅक्टर तर टाकूनच गेले, तो आमीच ढकलला, म्हणून तर उशीर झाला!"

कोणाला खरचटलंही नव्हतं. आमच्यातल्याही नाही आणि त्यांच्यातल्याही. पळालेले पुढे पकडले गेले, चपलेवरून नाही, ट्रॅक्टरवरून. मी खाली बसलो. जमादारांनी मला चहा दिला आणि माझ्या हातातली रायफल काढून घेतली.

गर्ज्यांनी पट्ट्यातून मॅगझीन काढून माझ्या हातावर ठेवली. धुळीने माखलेली. मी अंगठ्याने पुसली. नंबर जागच्या जागी होता.

"अप्पांना सांगा," ते म्हणाले, "वाटी मला त्यांच्याकडूनच पायजे."

मी बूथवर जाऊन अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग? आमी घातलेलं नाव हाय ते." आणि मग लगेच, "ती चकचकीत का घेतली न्हाई पण?"

वर्षअखेरीला इन्स्पेक्शनला मोठे अधिकारी आले. एकेक मॅगझीन बघता बघता थांबले. "बाकी सगळ्यांवर नुसता नंबर आहे. यावर चि. म्हणजे?"

मी आरपीआय साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"चिन्हांकित, सर."

"गुड," म्हणून ते पुढे गेले.

पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं, जादाची मॅगझीन कशी निवडावी. मी सांगतो, चमक बघू नका, चेहरा बघायला आरसा असतो. तिला नंबर द्या, म्हणजे गुन्हा कोणाचा ते कळेल. तुमच्याच पिस्तुलात ती पुन्हा पुन्हा झाडून बघा, आणि एकदा जरी रुसली तरी सरावाच्या घमेल्यात टाका, कमरेला लावू नका. आणि उघडून आत बघा. आत काय असेल सांगता येत नाही.

पुढच्या खंडेनवमीला जमादारांनी कमळ पुन्हा केलं. तितकंच सुंदर, फक्त पालथं. सगळ्या पाकळ्या तोंड खाली करून. साहेबांनी मोठ्या ओंजळीने अक्षता टाकल्या, त्या मॅगझिनांच्या बुडावरून घरंगळून सतरंजीवर पडल्या. देवीची काही तक्रार आली नाही. गर्ज्यांचीही नाही. ते पोराला कडेवर घेऊन दर्शनाला आले होते.